काळी काच आणि काळपट फोटो

‘टॅक्सीच्या काळसर काचेतून सी-लिंकचा फोटो घ्यायचा तर एक्स्पोजर (फोटोसाठी घेतला जाणारा प्रकाश) एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढवून ठेवा, नाहीतर फोटो काळपट येतो,’ हा सल्ला मुंबईत वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. मोबाइल असो वा डीएसएलआर, ऑटो मोडमध्ये कॅमेरा लेन्समधून आत आलेलाच प्रकाश मोजतो. काचेने खाल्लेला प्रकाश त्या हिशेबातून आधीच वजा झालेला असतो. वरून तुम्ही +1 (एक स्टॉप जास्त) केलंत तर वरळीचं आकाश पांढरंफटक!

नियमानुसार गाडीच्या बाजूच्या काचेतून किमान 50 टक्के प्रकाश आत यायला हवा, म्हणजे काच फार तर एक स्टॉप खाते. तेवढा भरून काढायला कॅमेरा शटर उघडं राहण्याचा वेळ 1/500 सेकंदावरून 1/250 वर आणतो, किंवा आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) दुप्पट करतो. दुपारी काही बिघडत नाही. संध्याकाळी मात्र शटर जास्त वेळ उघडं राहतं, आणि धावत्या गाडीतून जवळच्या कठड्याचा नुसता फराटा उमटतो. हिरवट झाक आली तर ती काढणं हे व्हाइट बॅलन्सचं, म्हणजे रंग दुरुस्त करणाऱ्या सेटिंगचं, काम.

सल्ला खरा ठरतो तो मॅन्युअल मोडमध्ये, जिथे सेटिंग तुम्ही स्वतः लावता: काच खाली असताना लावलेलं सेटिंग काच वर केल्यावरही तसंच ठेवलंत तर.