शिको बुआर्की : कादंबरीकार

शिको बुआर्की (जन्म १९ जून १९४४, रिओ दी जानेरो) हे ब्राझीलचे गायक-गीतकार आणि कादंबरीकार. इतिहासकार सेर्जिओ बुआर्की दे ओलांदा हे त्यांचे वडील. १९६६ मध्ये ‘आ बांदा’ या गाण्याने ते बाविशीतच घराघरांत पोहोचले. पहिली कादंबरी ‘एस्तोर्वो’ मात्र १९९१ ची, म्हणजे सत्तेचाळिशीतली.

मधली वर्षे लेखनाविना गेली नव्हती. लष्करी राजवटीच्या सेन्सॉरने गाणी अडवायला सुरुवात केल्यावर त्यांनी ‘जुलिन्यो दा आदेलाइदे’ हे टोपणनाव घेऊन काही गाणी पार करवली. १९७४ मध्ये गुरांच्या कळपाचे रूपक वापरून राजवटीवर दीर्घकथा लिहिली. शिवाय नाटके होतीच. ‘गोता द’आग्वा’ (१९७५) मध्ये ग्रीक पुराणातल्या मेडियाची (नवऱ्याने सोडल्यावर सूड उगवणाऱ्या स्त्रीची) कथा रिओतल्या गरीब वस्तीत आणली आहे.

कादंबरी लिहीत असताना गिटारला हात लावायचा नाही, असा त्यांचा शिरस्ता. प्रकाशनाची वर्षे पाहिली की तो स्पष्ट दिसतो : १९९१ कादंबरी, १९९३ अल्बम, १९९५ कादंबरी, १९९८ अल्बम, २००३ कादंबरी, २००६ अल्बम, २००९ कादंबरी, २०११ अल्बम, २०१४ कादंबरी, २०१७ अल्बम, २०१९ कादंबरी. (नाटकांसाठीची गाणी आणि जुन्या गाण्यांची नवी ध्वनिमुद्रणे यात धरलेली नाहीत.)

गीतकाराचे गद्य बहुतेकदा फसते ते लयीच्या मोहाने. प्रत्येक वाक्य टाळी घेऊ पाहते आणि कथा जागची हलत नाही. बुआर्की यांनी गाण्यातून गोडवा आणला नाही, रचना आणली. ‘कोन्स्त्रुसाँव’ (१९७१) या गाण्यात एका बांधकाम मजुराचा मृत्यू सांगताना पहिल्या भागातल्याच ओळी पुढे पुन्हा येतात, फक्त त्यांच्या शेवटच्या शब्दांची अदलाबदल झालेली असते आणि तीच घटना वेगळी दिसू लागते. ‘लेइते देर्रामादो’ (सांडलेले दूध, २००९) या कादंबरीचे यंत्रही हेच आहे. इस्पितळात पडलेला शंभरीचा एउलालिओ परिचारिकांना, मुलीला, कुणालाही आपल्या घराण्याचा इतिहास ऐकवतो. बायको मातिल्दे का निघून गेली, हे तो पुन्हा पुन्हा सांगतो आणि दर खेपेला तपशील बदलतात. वाचकाला सत्य त्या फरकांमधून काढावे लागते. तिच्या सावळ्या रंगाविषयी तो जे टाळतो, त्यातून ब्राझीलच्या उच्चभ्रू घराण्यांचा वर्णाहंकार उघडा पडतो. त्यांची सर्वांत पक्की कादंबरी हीच म्हणावी लागेल.

अधिक गाजली ती ‘बुदापेस्ते’ (२००३). दुसऱ्यांच्या नावाने पुस्तके लिहून देणारा जोझे कोस्ता विमान अचानक उतरवावे लागल्याने बुडापेस्टला पोहोचतो, हंगेरियन शिकतो आणि अखेरीस त्याच्याच नावावर असे पुस्तक निघते, जे त्याने लिहिलेलेच नाही. ती लिहिली तोवर बुआर्की यांनी ते शहर पाहिले नव्हते.

पुरस्कार पुस्तकाला मिळतो की प्रसिद्ध नावाला, हा वाद २०१० मध्ये पेटला. ब्राझीलच्या जाबुती पुरस्कारात कादंबरी विभागात ‘लेइते देर्रामादो’ दुसरी आली, तरी ‘वर्षातील पुस्तक’ हा मोठा सन्मान तिलाच मिळाला. पहिल्या क्रमांकाच्या कादंबरीचे प्रकाशक चिडून स्पर्धेतूनच बाहेर पडले. दोष नियमात होता : विभागातली पहिली तिन्ही पुस्तके मोठ्या सन्मानासाठी पात्र ठरत. नंतर ही मुभा फक्त पहिल्या क्रमांकापुरती ठेवण्यात आली. कादंबरी त्या सन्मानाच्या तोडीची होती. विभागात मागे पडलेले पुस्तक अंतिम फेरीत पुढे जाणे मात्र कुणालाही खटकावे असेच होते.

‘ओ इर्माँव आलेमाँव’ (जर्मन भाऊ, २०१४) ला खरी घटना आधार आहे. वडिलांना लग्नापूर्वी बर्लिनमध्ये एक मुलगा झाला होता, हे बुआर्की यांना तरुणपणी कवी मानुएल बांदेइरा यांच्या बोलण्यातून कळले. पुस्तकाच्या निमित्ताने शोध घेतल्यावर समजले की हा सेर्जिओ ग्युंटर पूर्व जर्मनीत गायक आणि दूरचित्रवाणी निवेदक होता व १९८१ मध्ये वारला. दोघा भावांची भेट कधीच झाली नाही.

पोर्तुगीज भाषेतल्या साहित्यातला सर्वोच्च मानला जाणारा कामॉइश पुरस्कार (१ लाख युरो) त्यांना २०१९ मध्ये जाहीर झाला. ब्राझीलचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष झायर बोल्सोनारो यांनी मानपत्रावर सही केली नाही, म्हणून तो प्रत्यक्ष हाती पडायला एप्रिल २०२३ उजाडले. दरम्यान २०२१ मध्ये कथासंग्रह आला आणि २०२४ मध्ये रोममधल्या बालपणावर बेतलेले ‘बाम्बिनो आ रोमा’.