पोट सुटलंय म्हणून कॉर्टिसॉल करायचंय? नमुना देण्याआधी हे वाचा

‘टेन्शनमुळे पोट सुटलंय, ती कॉर्टिसॉलची टेस्ट करून टाका.’ आमच्या लॅबच्या काउंटरवर हे वाक्य आता रोजचं झालं आहे. कॉर्टिसॉल म्हणजे ताणाच्या वेळी शरीर सोडतं ते संप्रेरक, म्हणजे हार्मोन. चाचणी आमच्याकडे होते आणि करायलाही हरकत नाही. पण दहातल्या कितीतरी जणांना आम्ही पहिल्या दिवशी परत पाठवतो आणि त्यांचा राग ओढवून घेतो. असं का करतो, ते एकदा नीट लिहून ठेवावं म्हणून हे माहितीपत्रक.

सर्वांत मोठी चूक असते वेळेची. ग्राहक घोडबंदर रोडचं ट्रॅफिक पार करून, चहा-नाश्ता उरकून अकराला येतात. किंवा ऑफिसातून परतताना, ठाणे स्टेशनवर उतरून थेट साडेसहाला. साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन यांची सवय असते, त्यामुळे ‘रक्त ते रक्त, कधीही घ्या’ असं वाटणं साहजिक आहे. कॉर्टिसॉलच्या बाबतीत ते चालत नाही.

किडनीच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी हे संप्रेरक बनवतात आणि त्यांचा दिवस घड्याळावर चालतो. पातळी पहाटेपासून चढते, उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिखराला पोचते, दुपारी चारच्या सुमारास साधारण निम्म्यावर येते आणि मध्यरात्री तळाला जाते. रिपोर्टवर छापलेली मर्यादा, साधारण ५ ते २५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर, ही सकाळी आठच्या आसपासची असते. आता समजा आकडा आला ६. दुपारी चारचा असेल तर त्यात काही विशेष नाही. सकाळी आठचा असेल तर तो मर्यादेत असला तरी काठावर आहे, म्हणून ग्रंथी कमी काम करते का, हे डॉक्टर पुढे तपासायला सांगू शकतात. आणि रात्री अकराचा असेल तर उलट ‘जास्त का?’ हा प्रश्न येतो. आकडा तोच, अर्थ तीन. म्हणून पिवळ्या बुचाच्या नळीवर तुमच्या नावाखाली आम्ही तास आणि मिनिट लिहितो. ते लिहिलेलं नसेल तर तो रिपोर्ट कुठल्याही लॅबचा असो, डॉक्टरांना त्याचा फारसा उपयोग नाही.

आमची वेळ सकाळी ७ ते ९. त्याआधी पंधरा-वीस मिनिटं खुर्चीत शांत बसायचं. जिमहून थेट किंवा जिना धावत चढून आलात, तर थांबवून ठेवू. सुई बघून घाबरणाऱ्यांनी आधी सांगावं, त्यांना आडवं झोपवून नमुना घेतो. त्याच वेळी उपाशीपोटीची साखर आणि लिपिड (रक्तातली चरबी) काढायचं असेल तर आदल्या रात्रीपासून १० ते १२ तास पाण्याशिवाय काही नको. चहासुद्धा नको, बिनसाखरेचाही.

ऐरोली, महापे, घणसोलीला रात्रपाळी करणाऱ्यांनी येण्याआधी फोन करावाच. ज्याची रात्र सकाळी नऊला सुरू होते, त्याच्या शरीराचं घड्याळ सरकलेलं असतं आणि छापील मर्यादा त्याला जशीच्या तशी लागू होत नाही. पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर गोंधळ आणखी वाढतो. अशा वेळी झोपेच्या आणि उठण्याच्या वेळा आम्ही रिपोर्टवर नोंदवतो. नमुना कधी घ्यायचा, हे डॉक्टरांनी ठरवलेलं बरं.

वेळेनंतरचा दुसरा खड्डा म्हणजे ‘औषध काहीच नाही घेत’ हे उत्तर. चेहरा उजळण्याची किंवा खाजेची क्रीम ग्राहकाच्या हिशेबी औषध नसते. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. दम्याचा पंप, गुडघ्यात घेतलेलं इंजेक्शन, सांधेदुखीवरच्या बिननावाच्या पुड्या यांतूनही स्टेरॉइड पोटात किंवा रक्तात जाऊ शकतं. बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल कमी करतं. मग चेहरा सुजरा, पोट पुढे, आणि रिपोर्टवर कॉर्टिसॉल मात्र कमी, असं कोडं समोर येतं. प्रेडनिसोलोनची गोळी तर काही यंत्रांना कॉर्टिसॉलच वाटते आणि आकडा खोटा वाढतो. केसांसाठीच्या बायोटिनचंही तसंच. ५ किंवा १० मिलिग्रॅमची गोळी चालू असेल तर बायोटिनवर आधारलेल्या किटमध्ये कॉर्टिसॉल खोटं जास्त दिसतं. ती आम्ही ३ दिवस आधी बंद करायला सांगतो. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्तात कॉर्टिसॉल वाहून नेणारं प्रथिन वाढतं आणि एकूण आकडा फुगतो, त्या साधारण ६ आठवडे आधी थांबवाव्या लागतात. हा निर्णय मात्र स्त्रीरोगतज्ज्ञांचा. स्टेरॉइडची गोळी तर स्वतःहून कधीच बंद करू नका. ग्रंथी झोपलेली असते, अचानक तोडल्यास रक्तदाब कोसळू शकतो. फक्त आम्हाला सांगा. जमलं तर ट्यूब, पुडी, डबी सगळं पिशवीत घालून आणा.

आता मूळ प्रश्न. ही चाचणी पोटाचं कारण सांगते का?

एका आजारात सांगते, कुशिंग सिंड्रोममध्ये, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल फार काळ जास्त राहतं तेव्हा. हार्वी कुशिंग या अमेरिकन शल्यविशारदाच्या नावावरून हे नाव पडलं. हा आजार दुर्मीळ आहे आणि नुसत्या सुटलेल्या पोटावरून ओळखता येत नाही. पोटावर एक सेंटिमीटरहून रुंद जांभळे चट्टे, धक्का लागताच काळानिळा होणारी पातळ कातडी, हाताचा टेकू न घेता खुर्चीतून उठता न येणं, लहान मुलात वजन वाढतंय पण उंची खुंटलीय, ही खरी खूण. यातलं काही असेल तर लॅबच्या आधी एंडोक्रिनॉलॉजिस्ट (हार्मोनचे डॉक्टर) गाठा. ते बहुधा सकाळच्या एका आकड्यावर न थांबता रात्रीची चाचणी लिहून देतात. डेक्सामेथासोन (हेही स्टेरॉइडच) १ मिलिग्रॅम रात्री ११ ते १२ च्या दरम्यान (०.५ ची गोळी मिळाली तर दोन) आणि सकाळी ८ ते ९ ला रक्त. आकडा १.८ च्या वर राहिला तर पुढचा तपास. जेवणानंतर लगेच नऊला गोळी घेऊन मोकळं होऊ नका. टीबीचं रिफॅम्पिसिन किंवा फिटच्या काही गोळ्या चालू असतील तर डेक्सामेथासोन लवकर संपतं आणि निकाल फसवतो. रात्री लाळेतलं कॉर्टिसॉल मोजायला सांगितलं असेल, तर त्या वेळी दात घासून हिरड्यांतून रक्त आलं, तंबाखू किंवा ज्येष्ठमध तोंडात असलं, तरी तो नमुना वाया गेला समजा.

बाकी बहुतेकांचं पोट या आजारातलं नसतं आणि त्यांचं सकाळचं कॉर्टिसॉल नॉर्मल येतं, कधी किंचित कमीही. मग ‘म्हणजे ताणाचा संबंध नाही?’ असं विचारतात. संबंध आहे, पण दंडातून घेतलेल्या रक्तात तो दिसत नाही. चरबीच्या पेशीत ११ बीटा एचएसडी १ नावाचं एक विकर (एन्झाइम) आहे. ते निष्क्रिय कॉर्टिसोनचं जागच्या जागी कॉर्टिसॉल करतं. आतड्यांभोवतीच्या चरबीत कॉर्टिसॉल पकडणारे ग्राहीही त्वचेखालच्या चरबीपेक्षा जास्त असतात. पोटाच्या आत भट्टी पेटलेली असली तरी रक्तात तिचा धूर येत नाही. शिवाय ताणाला प्रत्येकाचं शरीर वेगळं उत्तर देतं. २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्त्रियांना तीन दिवस तीच ताणाची कामं दिली. नितंबांच्या मानाने कंबरेचा घेर जास्त असलेल्यांत कॉर्टिसॉल जास्त सुटलं आणि त्यांच्यातल्या सडपातळ बायकांच्या शरीराला त्या ताणाची सवयच झाली नाही. म्हणजे प्रश्न रोजच्या चढउतारांचा आहे. आमच्या एका नळीत तो मावत नाही.

‘मग जीन टेस्ट करता का?’ पोटासाठी करत नाही, आणि विकतही नाही. जनुकांचा वाटा खोटा आहे असं नाही. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या प्रयोगात एकसारख्या जुळ्या भावांच्या १२ जोड्यांना ८४ दिवस रोज १००० किलोकॅलरी जादा खायला घातल्या. कुणी ४ किलोंनी वाढला, कुणी १३, पण एका जोडीतले दोघे भाऊ बरेचसे सारखे वाढले आणि पोटातल्या चरबीत तर हे साम्य फारच ठळक होतं. पण यात जनुकं अनेक आहेत. त्यांतलं एफटीओ सर्वांत गाजलेलं, आणि त्याच्या वजन वाढवणाऱ्या प्रकाराच्या दोन प्रती असलेल्यांचं वजनही एकही प्रत नसलेल्यांपेक्षा सरासरी ३ किलोंनीच जास्त भरतं. हे कळून जेवणाचं ताट बदलत नाही. त्या पैशांत दोन वर्षांची एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी) निघेल.

स्वभावाची चाचणीही आमच्याकडे नाही, पण तो मोजण्यासारखा आहे. बाल्टिमोरच्या जवळजवळ २००० लोकांच्या पाहणीत उतावळेपणात सर्वांत वरचे दहा टक्के सर्वांत खालच्या दहा टक्क्यांपेक्षा सरासरी ११ किलो जड निघाले. शिस्तीची माणसं हलकी होती. संध्याकाळी लोकलमधून दमून उतरल्यावर समोर गरम वडे दिसले की काय होतं, हे ज्याचं त्याला माहीत. खिशात फुटाणे ठेवणारा आणि न ठेवणारा, फरक बहुधा तिथेच पडतो.

म्हणून आमचा सल्ला असा की कॉर्टिसॉलआधी टेप. सडपातळ दिसणाऱ्यांनीही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा आणि एका ब्रिटिश डॉक्टरांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मापांत सारखाच होता, २२.३. शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के आणि त्या ब्रिटिशांची ९.१. पँटचा नंबर हे माप नव्हे, पट्टा पोटाखाली सरकत जातो आणि नंबर तोच राहतो. शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध, कपड्यांवरून नको, श्वास सहज सोडल्यावर, टेप आडवी आणि न आवळता. दोनदा मोजा. एक सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर पुन्हा. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेलं की उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी, लिपिड आणि लिव्हरचं एसजीपीटी करावं. ट्रायग्लिसराइड १५० च्या वर आणि एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) कमी ही जोडी दिसली तर डॉक्टरांना दाखवायला उशीर नको. या चार चाचण्या आमच्याकडे एकत्र घेतल्या तर सुट्ट्या दरापेक्षा स्वस्त पडतात. घेर काउंटरवर फुकट मोजून देतो आणि तारखेसह कार्डावर लिहून देतो. पुढच्या वेळी तेच कार्ड आणा.

कासारवडवली, मानपाडा, वर्तकनगर भागात घरी येऊन नमुना घेतो. कॉर्टिसॉल असेल तर पहिली फेरी, ७ ते ८. आदल्या दिवशी दुपारी चारपर्यंत नाव द्या आणि चालू असलेली क्रीम-गोळ्या तेव्हाच सांगा, म्हणजे नमुना घ्यायला येणाऱ्या मुलाला जिना चढून येऊन परत जावं लागत नाही.