वायव्य मार्गाची गोष्ट, मुलांना सांगण्याआधी

यासाठी नकाशापेक्षा पृथ्वीचा गोल बरा. मुलांच्या हाती दोरा द्या आणि लंडनहून जपानला समुद्रातून जायची जवळची वाट शोधायला सांगा. आफ्रिकेला वळसा घालून दोरा लावून झाला की एखादं पोर तो वर सरकवून कॅनडाच्या डोक्यावरच्या बेटांमधून नेतंच. सोळाव्या शतकात इंग्रज व्यापाऱ्यांच्या डोक्यात हेच आलं. चीनचं रेशीम आणि मसाल्याचे पदार्थ हवे होते, पण दक्षिणेकडच्या वाटांवर पोर्तुगीज आणि स्पॅनिश बसलेले. मग अटलांटिकमधून पॅसिफिकमध्ये उतरणाऱ्या वायव्य मार्गाचा शोध सुरू झाला.

दोऱ्याला बर्फ आडवा येत नाही, जहाजाला येतो. १५७६ मध्ये मार्टिन फ्रोबिशर निघाला, त्याला वाट सापडली नाही, काळा दगड मात्र सापडला. त्यात सोनं आहे अशी लंडनमध्ये हूल उठली. १५७८ मध्ये तो पंधरा जहाजं घेऊन गेला आणि हजार टनांहून जास्त दगड घेऊन आला. सोनं काही निघालं नाही. मुलांना हा भाग फार आवडतो. हीच वाट शोधणाऱ्या हेन्री हडसनची गोष्ट मात्र जरा मोठ्यांसाठी राखून ठेवा. बर्फात हिवाळा काढून वैतागलेल्या खलाशांनी १६११ मध्ये बंड केलं आणि त्याला, त्याच्या कोवळ्या मुलाला आणि आणखी काही जणांना एका लहान होडीत सोडून दिलं. पुढे ते कुणालाच दिसले नाहीत.

बर्फ समजावायला फ्रीझर पुरतो. एका वाटीत साधं पाणी ठेवा, दुसरीत मीठ घातलेलं. मिठाचं पाणी उशिरा गोठतं आणि त्याचा बर्फ चमच्याने खरवडता येईल इतका भुसभुशीत होतो. समुद्राचं पाणी साधारण उणे १.८ अंशांना गोठतं. गोठताना मीठ हळूहळू बाहेर पडतं. म्हणून काही वर्षं टिकलेला समुद्री बर्फ वितळवून पिता येतो. तिथल्या लोकांना हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. आपण शाळेत त्यांना ‘एस्किमो’ म्हणायला शिकलो. त्यांचा स्वतःचा शब्द ‘इनुइट’. मुलांना पहिल्यापासून तोच शिकवावा.

१८४५ मध्ये इंग्रज नौदलाचा जॉन फ्रँकलिन ही वाट शोधायला ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही जहाजं घेऊन निघाला. माणसं १२९, वाफेची इंजिनं, तीन वर्षं पुरेल इतकं अन्न, त्यात हजारो डबाबंद डबे, शिवाय प्रत्येक जहाजावर हजारावर पुस्तकं. सप्टेंबर १८४६ मध्ये किंग विल्यम बेटाजवळ जहाजं बर्फात अडकली. पुढच्या उन्हाळ्यातही बर्फ सुटला नाही. फ्रँकलिन १८४७ मध्ये वारला. एप्रिल १८४८ मध्ये उरलेले १०५ जण जहाजं सोडून दक्षिणेकडे चालू लागले. त्यातला एकही घरी पोचला नाही.

इथे मुलं हमखास विचारतात, ‘मग तिथल्या लोकांना का नाही विचारलं?’ स्कॉटिश शोधप्रवासी जॉन रे याने विचारलं. १८५४ मध्ये त्याने इनुइटांकडून उपासमारीची हकीकत ऐकली, फ्रँकलिनच्या माणसांचे चांदीचे चमचे-काटे मिळवले. शेवटी शेवटी त्या माणसांनी मेलेल्या सोबत्यांचं मांस खाल्लं, असंही इनुइटांनी सांगितलं होतं. लंडनमध्ये गहजब झाला. इंग्रज खलाशी असं करणारच नाहीत, म्हणून सांगणारेच खोटे ठरवले गेले. पुढे सापडलेल्या हाडांवर सुरीचे वार निघाले.

रोआल्ड आमुंडसेन १९०३ मध्ये नॉर्वेहून ‘ग्योआ’ या लहानशा जहाजातून सहा सोबत्यांसह निघाला. किंग विल्यम बेटावर दोन हिवाळे काढताना तो इनुइटांकडून कातड्याचे सैल कपडे शिवायला आणि कुत्र्यांची गाडी हाकायला शिकला. १९०६ मध्ये तो अलास्कात पोचला. जहाजातून ही वाट पहिल्यांदा पार झाली ती अशी, तीनशे तीस वर्षांनी. २००७ च्या उन्हाळ्यात उपग्रहांना ती पहिल्यांदाच जवळपास बर्फमुक्त दिसली. तापणाऱ्या हवेचा विषय काढायचा तर इथून काढावा.

आणि जहाजं? ‘एरेबस’ २०१४ मध्ये सापडलं, इनुइटांच्या जुन्या हकीकती सांगत होत्या त्याच बाजूला. ‘टेरर’ची गोष्ट मुलांना शेवटी सांगा. ग्योआ हेवन गावचा सॅमी कोग्विक मित्राबरोबर मासे धरायला निघाला होता, तेव्हा बर्फातून एक लाकडी खांब वर आलेला दिसला. त्याला मिठी मारून सॅमीने फोटो काढून घेतला आणि परतताना कॅमेराच हरवला. त्यामुळे काही वर्षं तो गप्पच राहिला. २०१६ मध्ये शोधमोहिमेच्या जहाजावर त्याने ही गोष्ट सांगितली तेव्हा जहाज तिकडच्या खाडीत वळवलं गेलं आणि ‘टेरर’ सापडलं. नकाशावर त्या खाडीचं नाव कितीतरी आधीपासून ‘टेरर बे’ होतं.