एक नंबरचा स्टॉल आणि एकवीस वर्षांची पनवती

जूनचा पहिला शनिवार जवळ आला की इंग्लंडच्या क्रीडापानांवर एक चौकट ठरलेली असते : एप्सम डर्बी या घोड्यांच्या शर्यतीचे दहा वर्षांचे ट्रेंड. अमक्या शर्यतीतून आलेल्या घोड्यांनी दहापैकी आठ वेळा बाजी मारली, घोडी जिंकत नाही, एक नंबरच्या स्टॉलमधून, म्हणजे सुटण्याच्या कप्प्यातून, सुटलेल्याचं काही खरं नाही. आकडे बहुधा बरोबरच असतात. चुकतो तो त्यांतून काढलेला निष्कर्ष, आणि तो कसा चुकतो हे डर्बीइतकं स्वच्छ दाखवणारं दुसरं उदाहरण सापडणं कठीण.

लंडनच्या दक्षिणेला एप्सम डाउन्सच्या माळावर 4 मे 1780 रोजी पहिली डर्बी झाली. शर्यतीला नाव लॉर्ड डर्बींचं द्यायचं की सर चार्ल्स बनबरींचं, याचा निकाल नाणं उडवून लागला, अशी आख्यायिका आहे. नाव डर्बींचं लागलं, पहिली शर्यत मात्र बनबरींच्या डायोमेडने जिंकली. सुरुवातीला एक मैलाची असलेली ही शर्यत 1784 पासून दीड मैलाची झाली. दोन्ही महायुद्धांत ती न्यूमार्केटला हलवावी लागली, पण खंड कधी पडला नाही. 2025 ची डर्बी 246 वी होती.

ही शर्यत फक्त तीन वर्षांच्या घोड्यांची आहे. म्हणजे एका घोड्याला आयुष्यात डर्बी एकदाच. बहुतेकांनी दीड मैल अंतर आधी कधी पळून पाहिलेलं नसतं, आणि एप्समचा ट्रॅक तर कुठल्याच सराव-शर्यतीसारखा नाही. सुरुवातीला सुमारे चाळीस मीटरचा चढ, मग टॅटनम कॉर्नरच्या डाव्या वळणापर्यंत उतार, आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात जमीन आतल्या कठड्याकडे कललेली. थकलेला घोडा तिथे आपोआप आत ओढला जातो. घोड्याविषयी माहिती इतकी तोकडी असली की माणूस शर्यतीच्याच इतिहासात खुणा शोधू लागतो. ट्रेंडचा धंदा इथूनच सुरू होतो.

आधी घोडीचा ट्रेंड घेऊ, तो सोपा आहे. 246 डर्ब्यांपैकी घोड्यांच्या माद्यांनी जिंकल्या फक्त सहा, आणि शेवटची फिफिनेला, 1916 मध्ये. वजनात त्यांना तीन पौंडांची सवलत असूनही. मग घोडी हरतेच का? खरं म्हणजे ती फारशी धावतच नाही. त्याच ट्रॅकवर, तेवढ्याच अंतराची, फक्त घोड्यांच्या माद्यांसाठी असलेली ओक्स ही शर्यत डर्बीच्या आदल्या दिवशी होते. चांगली घोडी हाताशी असलेला मालक तिला तिथेच उतरवतो. ट्रेंडमध्ये अंश छापला जातो, छेद गाळला जातो. ‘दहापैकी आठ विजेते अमक्या शर्यतीतून आले’ हे वाचलं की लगेच विचारावं, हरलेल्यांपैकी कितीजण त्याच शर्यतीतून आले होते? तेही दर दहांत आठच असतील तर या ट्रेंडची किंमत शून्य. (खच्ची केलेला घोडा गेल्या शंभर वर्षांत जिंकलेला नाही, हाही बिनतोड ट्रेंड आहे. 1906 पासून त्यांना प्रवेशच नाही.)

आता स्टॉल. घोडे एकाच क्षणी सुटावेत म्हणून दार असलेले लोखंडी कप्पे एका रांगेत लावतात, ते स्टॉल. एप्सम डर्बीत ते 1967 पासून आले. कोणता घोडा कोणत्या स्टॉलमध्ये, हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. 1999 मध्ये ओथ हा घोडा एक नंबरमधून सुटून जिंकला, आणि त्यानंतर 2000 ते 2020 अशा सलग 21 डर्ब्यांत त्या स्टॉलला यश आलं नाही. एक नंबर पनवती ठरला.

हिशोब करून पाहू. दरवर्षी सरासरी 14 घोडे धावतात असं धरू आणि स्टॉलचा निकालाशी काडीचाही संबंध नाही असं मानू. मग एका वर्षी एक नंबर न जिंकण्याची शक्यता 14 पैकी 13, म्हणजे 0.929. सलग 21 वर्षं न जिंकण्याची शक्यता काढायला ही संख्या स्वतःशीच 21 वेळा गुणायची. उत्तर येतं 0.21, म्हणजे पाचांत एकदा. एवढ्यावर कुणाला पनवती म्हणायचं नसतं.

आणि खरी गंमत पुढेच आहे. एक नंबर आपण आधी निवडलेला नव्हता. तो रिकामा राहिला म्हणून आपलं लक्ष त्याच्याकडे गेलं. 14 स्टॉल, प्रत्येकाची रिकामा राहण्याची शक्यता 0.21. 14 गुणिले 0.21 म्हणजे जवळपास 3. निव्वळ चिठ्ठ्यांच्या खेळातही 21 वर्षांत सरासरी तीन स्टॉल कोरडे राहणारच. एकही कोरडा राहिला नसता, तर ते मात्र विचित्र वाटलं असतं.

मग 2021 मध्ये अडायार जिंकला. भाव 16/1 (एका पौंडावर सोळा पौंड नफा), स्टॉल एक. 2024 मध्ये सिटी ऑफ ट्रॉय जिंकला. भाव 3/1, स्टॉल पुन्हा एक. चार वर्षांत दोनदा! योगायोगाने चारांत दोन किंवा अधिक विजय येण्याची शक्यता काढली तर ती 2.8 टक्के निघते. म्हणजे एक नंबर अशुभ असल्याचा ‘पुरावा’ 21 टक्क्यांवर लटकत होता, आणि शुभ असल्याचा पुरावा त्याहून कितीतरी दणकट आहे. दोन्ही सारखेच पोकळ, कारण कोणती चार वर्षं मोजायची हे आपण निकाल पाहून ठरवलं. सुटण्याआधी स्टॉलला लिंबू-मिरची बांधली असती, तर 2021 नंतर तिच्या विक्रीत किती वाढ झाली असती, याची कल्पना करावी.

तरीही स्टॉलचा परिणाम असूच शकत नाही, असं म्हणता येत नाही. आतल्या कठड्यालगतचा घोडा बाहेरून आत दाटणाऱ्या घोड्यांमागे कोंडला जाऊ शकतो, हे कारण पटण्यासारखं आहे. प्रश्न आहे तो किती, आणि तो आकड्यांत दिसेल का. समजा एक नंबरची खरी शक्यता 7.1 ऐवजी 5 टक्के आहे. बऱ्यापैकी मोठा तोटा झाला हा. हा फरक योगायोगापासून नेहमीच्या संख्याशास्त्रीय कसोटीवर (चुकीचा गजर पाच टक्के, खरा फरक हुकण्याची मुभा वीस टक्के) वेगळा काढायला किती डर्ब्या लागतील? सुमारे 1,070. स्टॉल आल्यापासून 2025 पर्यंत झाल्या आहेत 59.

वेगवेगळे ट्रेंड एकत्र आले की गोंधळ आणखी वाढतो. दहा वर्षांच्या विजेत्यांना पन्नास निकष लावून पाहा : जन्ममहिना, रंग, आधीच्या शर्यतीतला क्रमांक, काहीही. प्रत्येक निकष नाण्यासारखा निम्म्या-निम्म्या शक्यतेचा असला, तर दहापैकी नऊ किंवा दहा वेळा एकाच बाजूला झुकण्याची शक्यता 2.1 टक्के. पण पन्नासपैकी निदान एक तरी तसा झुकण्याची शक्यता 66 टक्के आहे. तो सापडतो, आणि तोच छापला जातो. उरलेले एकोणपन्नास कुणी छापत नाही.

शिवाय ही दहा वर्षं एकमेकांपासून सुटी नसतात. एडन ओब्रायन या आयरिश ट्रेनरने 2001 ते 2025 मध्ये अकरा डर्ब्या जिंकल्या. 2001 चा विजेता गॅलिलिओ पुढे पाच डर्बी-विजेत्यांचा बाप झाला, आणि त्यांतले चार ओब्रायनच्याच तबेल्यातले. त्यामुळे ‘आयरिश घोडे’, ‘गॅलिलिओचं रक्त’ आणि ‘अमक्या सराव-शर्यतीतून आलेले’ हे तीन ट्रेंड म्हणजे बऱ्याचदा एकाच तबेल्याची तीन नावं. तबेल्याने सवय बदलली की तिन्ही एकदम मोडतात. मे महिन्यातल्या न्यूमार्केटच्या टू थाउजंड गिनीज या शर्यतीत ऑगस्ट रोडॅन 2023 साली बारावा आला, सिटी ऑफ ट्रॉय 2024 साली नववा. दोघांनीही महिन्याभरात डर्बी जिंकली.

मग ट्रेंड पारखायचा कसा? त्यासाठी बुकीचा भाव वाचता यायला हवा. 3/1 म्हणजे एका पौंडावर तीन पौंड नफा. त्यातली शक्यता 1 भागिले (3+1), अर्थात 25 टक्के. 16/1 म्हणजे 5.9 टक्के. समजा सहा घोड्यांच्या शर्यतीत भाव 2/1, 3/1, 4/1, 6/1, 8/1 आणि 10/1 आहेत. शक्यतांची बेरीज 112.8 टक्के भरते. शंभराच्या वरचे हे 12.8 बुकीचे. म्हणून आधी प्रत्येक शक्यतेला 1.128 ने भागायचं. मग निकष अगोदर लिहून ठेवायचा, तो पाळणारा प्रत्येक घोडा, हरलेलासुद्धा, वर्षानुवर्षं गोळा करायचा आणि त्यांच्या शक्यतांची बेरीज करायची. बेरीज 4 आली आणि प्रत्यक्ष विजयही 4 निघाले, तर तुमचा ट्रेंड भावात आधीच मुरलेला आहे. 4 च्या जागी 5 किंवा 6 निघाले तरी हुरळू नये, कारण अशा बेरजेत साधारण दोनाचा हेलकावा नुसत्या योगायोगानेच येतो.

भावातही एक वाकडेपणा आहे, आणि तो मात्र खरोखर टिकाऊ निघाला. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ग्रिफिथ यांनी 1949 मध्ये तिथल्या रेसकोर्सचे आकडे तपासले, तेव्हा दिसलं की कमी भावाच्या घोड्यांवर लोक हवे त्यापेक्षा कमी पैसे लावतात आणि लांबच्या भावाच्यांवर जास्त. 100/1 चा घोडा कागदावर एक टक्क्याचा असतो, प्रत्यक्षात त्याहून बराच कमी जिंकतो. म्हणून दीर्घकाळात दोन्हीकडे पैसे जातातच, पण लांबच्या भावावर प्रत्येक पौंडामागे कितीतरी अधिक जातात. माणूस अगदी छोटी शक्यता मोठी करून पाहतो, हे एक कारण. दुसरं म्हणजे, तबेल्यातली आतली खबर कुणाकडे असेल या धास्तीने बुकी लांबचा भाव मुद्दाम आखूड ठेवतो.

डर्बीत 100/1 चे विजेते झाले आहेत ते असे : 1898 चा जेडा, 1908 ची घोडी सिन्योरिनेटा आणि 1913 चा अबोयर. यातला अबोयर दुसरा आला होता. पहिल्या आलेल्या क्रॅगनॉरला पंचांनी बाद केलं म्हणून तो विजेता ठरला. एमिली डेव्हिसन ही मताधिकारासाठी लढणारी स्त्री राजाच्या घोड्यासमोर आली, तीच ही शर्यत.