मूक विनोदपटांची व त्यांतील नटांची ओळखनिश्चिती

मूकपटांच्या काळातील (सु. १८९५–१९२९) विनोदपटाची निनावी, तुटकी किंवा भलत्याच नावाच्या डब्यात सापडलेली फीत कोणत्या चित्रपटाची व कोणत्या वर्षाची, आणि तीत दिसणारे नट कोण, हे ठरविण्याचे काम. ज्याची एकही प्रत सार्वजनिक संग्रहात वा खाजगी संग्राहकाकडे असल्याचे ज्ञात नाही, तो चित्रपट ‘हरवलेला’ मानतात. अनेकदा असा चित्रपट हरवलेला नसतोच. तो फक्त ओळखलेला नसतो.

किती चित्रपट नष्ट झाले याचे अंदाज वेगवेगळे आहेत. त्यांतील सर्वांत काटेकोर अंदाज चित्रपट-इतिहासकार डेव्हिड पिअर्स यांनी लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी केलेल्या पाहणीत (२०१३) मिळतो. तीनुसार १९१२ ते १९२९ मधील १०,९१९ पूर्ण लांबीच्या अमेरिकन मूकपटांपैकी १,५७५, म्हणजे सु. १४ टक्के, मूळ ३५ मिमी. रूपात टिकले. हा आकडा विनोदपटांना सरसकट लावला जातो. ते बरोबर नाही. विनोदपट बहुधा एकदोन रिळांचे असत आणि छोटे चित्रपट या पाहणीत मोजलेलेच नाहीत. चित्रपट नष्ट होण्याचे एक कारण फीतच : त्या काळी वापरली जाणारी नायट्रेट फीत ज्वालाग्राही असते व कालांतराने कुजते. १९३७ मध्ये न्यू जर्सीतील लिटल फेरी येथे फॉक्स कंपनीची कोठी जळाली. १९४८ मध्ये युनिव्हर्सलने आपल्या मूकपटांच्या निगेटिव्ह स्वतःच नष्ट केल्या. उलट घरगुती प्रक्षेपकांसाठी काढलेल्या २८, १६ व ९.५ मिमी.च्या प्रतींमुळे कित्येक विनोदपट वाचले, मात्र बरेचदा कापलेल्या स्वरूपात.

ओळखीचे पहिले साधन चेहरा नसून फितीची कड हे होय. ईस्टमन कोडॅकने १९१६ पासून कच्च्या फितीच्या कडेवर वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा खुणांनी उत्पादनाचे वर्ष नोंदविण्यास सुरुवात केली. या खुणांचे चक्र वीस वर्षांनी पुन्हा येते. म्हणून एकच खूण १९१६ ची असू शकते तशी १९३६ चीही. शिवाय खूण फीत तयार झाल्याचे वर्ष सांगते, चित्रणाचे नव्हे. मूळ निगेटिव्हची खूणही छपाईत प्रतीवर उतरू शकते. काळ्या रंगात उमटलेली खूण त्या प्रतीची स्वतःची असते, तर काळ्या पट्टीवर पांढरी दिसणारी खूण निगेटिव्हवरून आलेली असते. हा भेद ध्यानात न घेतल्यास पुनर्प्रदर्शनासाठी मागाहून काढलेली प्रत मूळ चित्रपटाच्या वर्षाखाली नोंदली जाते, किंवा याच्या उलट होते.

प्रती चोरून विकल्या जाऊ नयेत म्हणून काही कंपन्या नेपथ्यातच आपले चिन्ह टांगीत. पाते कंपनीचा कोंबडा किंवा बायोग्राफची ‘एबी’ ही अक्षरे भिंतीवर दिसली की निर्माता कळतो. रस्त्यावरील दृश्यांत मोटारींच्या नंबरपाट्या उपयोगी पडतात. कॅलिफोर्नियात १९१६ ते १९१९ या काळात पाटी तीच ठेवून दरवर्षी तिच्यावर नवा बिल्ला लावीत : १९१६ ला अस्वल, १९१७ ला खसखशीचे फूल, १९१८ ला घंटा व १९१९ ला तारा. पाठलागाच्या दृश्यात मोटार क्षणभर थांबली आणि बिल्ल्याचा आकार दिसला, तर चित्रण त्या वर्षाच्या आधीचे नाही एवढे निश्चित होते.

संवादाच्या व निवेदनाच्या पाट्या मात्र फसव्या असतात. परदेशी पाठविलेल्या प्रतींत त्या त्या भाषेतील पाट्या घालीत व नटाचेही बारसे नव्याने होई. अमेरिकन विनोदी नट लॅरी सीमन फ्रान्समध्ये ‘झिगोतो’ व इटलीत ‘रिदोलिनी’ झाला, बस्टर कीटन फ्रान्समध्ये ‘मालेक’; आंद्रे दीद हा फ्रान्सचा ‘ब्वारो’ इटलीत ‘क्रेतिनेत्ती’ होता. मायदेशातही पुनर्प्रदर्शनाच्या वेळी नावे बदलत. चॅप्लिनचा ‘डो अँड डायनामाइट’ (१९१४) पुढे ‘द डोनट डिझायनर’ म्हणून फिरला. जुन्या सूच्यांत एकच चित्रपट दोनदा येतो तो बहुधा यामुळे.

चेहऱ्यावरून ओळख पटविणे सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत धोक्याचे. आरंभीच्या काळात कंपन्या नटांची नावे जाहीर करीत नसत. चिकटवलेल्या मिशा, जाड रंगलेप व नकलाकार यांनी गोंधळ आणखी वाढतो. बिली वेस्ट हा चॅप्लिनची हुबेहूब नक्कल करी. त्याच्या १९१७–१८ मधील विनोदपटांत ऑलिव्हर हार्डी हा चॅप्लिनपटांतील दांडग्या एरिक कॅम्बेलच्या थाटाच्या रंगभूषेत वावरतो, त्यामुळे संपूर्ण चौकटच चॅप्लिनपटाची वाटते. अशा वेळी जाणकार मिशीकडे न पाहता कानाची पाळी, चालण्याची लकब व हातांच्या सवयी पाहतात.

‘अ थीफ कॅचर’ (१९१४) या कीस्टोन कंपनीच्या विनोदपटात चॅप्लिन असल्याचे असेच उशिरा कळले. आपण कीस्टोनमध्ये पोलिसाचे किरकोळ काम केल्याचे चॅप्लिनने सांगितले होते, पण जुन्या सूचीकारांनी त्याचे ३५ कीस्टोनपटच धरले. चित्रपट-संग्राहक पॉल गिअरुकी यांनी मिशिगनमध्ये जुन्या वस्तूंच्या विक्रीत घेतलेल्या १६ मिमी. प्रतीत तो पोलिसाच्या वेषात आढळला व २०१० मध्ये ही संख्या ३६ झाली. ‘हर फ्रेंड द बँडिट’ (१९१४) हा त्यांपैकी एकच आज अनुपलब्ध आहे.

लॉरेल व हार्डी प्रथम एकत्र दिसतात तो ‘द लकी डॉग’ कोणत्या वर्षीचा, याविषयी मतभेद आहेत. उत्तरकालीन आठवणींवर विसंबणारे लेखक १९१७ ते १९१९ मधील वर्षे देतात, आणि १९१९ हे साल अजून अनेक पुस्तकांत आढळते. समकालीन व्यवसायपत्रांतील (चित्रपटव्यवसायाच्या नियतकालिकांतील) नोंदी तपासणाऱ्या संशोधकांच्या मते चित्रण १९२० च्या अखेरीस व प्रदर्शन १९२१ मध्ये झाले असावे. हे मत अधिक ग्राह्य वाटते. जोडी म्हणून त्यांचे काम त्यानंतर काही वर्षांनी निर्माते हॅल रोच यांच्याकडे सुरू झाले. याच जोडीच्या ‘द बॅटल ऑफ द सेंच्युरी’चे (१९२७) दुसरे रीळ २०१५ मध्ये संग्राहक जॉन मिर्सालिस यांना सापडले, त्यातील ‘पाय’ (pie) या गोड पदार्थाची फेकाफेकी तोवर १९५७ च्या एका संकलनपटातील तुकड्यांतूनच माहीत होती. पहिल्या रिळात मुष्टियुद्धाच्या प्रेक्षकांत बसलेला तरुण पुढे प्रसिद्धीस आलेला विनोदी नट लू कॉस्टेलो होय. विनोदी नट रॉस्को आरबकल व कीटन यांचा ‘द कुक’ (१९१८) नॉर्वेत १९९८ साली मिळालेल्या प्रतीतून व पुढे नेदरलँड्समध्ये मिळालेल्या भागांतून जुळविण्यात आला.

२०१२ पासून व्हर्जिनियातील कल्पेपर येथे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या केंद्रात ‘मोस्टली लॉस्ट’ ही कार्यशाळा भरू लागली. येथे बेवारस रिळे दाखवितात आणि चित्रपट चालू असतानाच प्रेक्षकांनी मोठ्याने बोलणे अपेक्षित असते. कोणी मोटारीचे मॉडेल सांगतो, कोणी रस्ता ओळखतो, कोणी अंधारात संगणकावर जुनी व्यवसायपत्रे चाळतो. प्रेक्षागृहात बोलण्याला बंदी नसलेली अशी जागा विरळाच.

भारतीय मूक विनोदपटांबाबत साधने फार तोकडी आहेत. दादासाहेब फाळके यांचा ‘पिठाचे पंजे’ (सु. १९१४) हा आरंभीचा विनोदी लघुपट आज उपलब्ध नाही. धीरेंद्रनाथ गांगुली यांचा ‘बिलात फेरत’ (१९२१) हाही उल्लेखांतूनच अधिक माहीत आहे. ओळखनिश्चितीचा गाजलेला भारतीय वाद विनोदपटाचा नव्हे, तर ‘राजा हरिश्चंद्र’चा आहे : पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातील रिळे १९१३ च्या चित्रपटाची की १९१७ मधील पुनर्निर्मितीची? चित्रपट-इतिहासकार वीरचंद धरमशी यांनी दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने मांडणी केली असून तिचे पारडे जड दिसते. याच संग्रहालयाच्या पुण्यातील नायट्रेट फितींना जानेवारी २००३ मध्ये आग लागली, तेव्हा पडताळून पाहण्यासारख्या कडाही जळाल्या.