बॉस्टन रेड सॉक्स : २००४ चा हंगाम

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील बॉस्टन शहराचा रेड सॉक्स हा व्यावसायिक बेसबॉल संघ २००४ साली तब्बल ८६ वर्षांनी अजिंक्य ठरला. साखळीतील १६२ सामन्यांपैकी त्याने ९८ जिंकले, ६४ गमावले आणि आपल्या गटात दुसरे स्थान मिळवले. नुसते आकडे पाहिले तर हंगाम चांगला होता, अचाट नव्हता. त्याच वर्षी न्यूयॉर्क यांकीजने १०१ आणि सेंट लुईस कार्डिनल्सने १०५ सामने जिंकले होते. तरीही बेसबॉलच्या जगात २००४ म्हटले की रेड सॉक्सच आठवतात, ते ऑक्टोबरमधील चार रात्रींमुळे. सातपैकी चार सामने जिंकायच्या मालिकेत पहिले तीन हरून पुढचे चारही जिंकणारा हा मेजर लीगमधील, म्हणजे अमेरिकेतील सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेतील, पहिला संघ. आजवर दुसऱ्या कोणत्याही संघाला ते जमलेले नाही.

शाप आणि पाप

रेड सॉक्सने १९१८ साली पाचवे अजिंक्यपद मिळवले तेव्हा संघात बेब रूथ होता. पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा, म्हणून तो नावाजलेला होताच, पण पुढे बेसबॉलमधील सर्वांत मोठा फलंदाज म्हणून तो ओळखला जाणार होता. मालक हॅरी फ्रेझी यांनी १९१९ च्या अखेरीस त्याला एक लाख डॉलरला यांकीजला विकले. यांकीजकडे तोवर एकही अजिंक्यपद नव्हते. २००४ उजाडेपर्यंत त्यांच्या खात्यात २६ जमा झाली. बॉस्टनच्या खात्यात १९१८ नंतर एकही नाही. १९४६, १९६७, १९७५ आणि १९८६ अशा चार वेळा संघ अंतिम मालिकेत पोहोचला आणि चारही वेळा सातव्या सामन्यात हरला. १९८६ मध्ये तर सहाव्या सामन्यात विजय एका चेंडूवर येऊन ठेपला होता. तो निसटला, आणि पाठोपाठ एक साधा सरपटी चेंडू पहिल्या बेसवरच्या (धाव काढताना गाठायच्या चार ठाण्यांपैकी पहिल्या) बिल बकनरच्या पायांमधून गेला. त्यानंतर रूथचा शाप लागला आहे ही कथा बॉस्टनमध्ये घरोघरी रुजली.

कथा म्हणून ती रंगतदार आहे, पण तिने खरे कारण झाकले गेले. १६ एप्रिल १९४५ रोजी जॅकी रॉबिन्सन आणि आणखी दोन कृष्णवर्णीय खेळाडूंची फेनवे पार्क या रेड सॉक्सच्या मैदानावर चाचणी घेण्यात आली. ती केवळ दाखवण्यापुरती होती. क्लबकडून पुढे कोणालाही बोलावणे आले नाही. दोन वर्षांनी रॉबिन्सनने ब्रुकलिनकडून खेळून मेजर लीगमधील वर्णभेदाची भिंत पाडली. रेड सॉक्सने मात्र पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, पम्प्सी ग्रीन, मैदानात उतरवला तो १९५९ साली. तेव्हाच्या १६ संघांमध्ये सर्वांत शेवटी. जो क्लब गुणी माणसांना कातडीच्या रंगावरून दारातूनच परत पाठवतो, त्याला हरायला शाप कशाला हवा? २००४ च्या विजयाचा विचार करताना ही गोष्ट विसरून चालत नाही, कारण त्या वर्षीचे तीन आधारस्तंभ, डेव्हिड ऑर्टिझ, मॅनी रामिरेझ आणि पेद्रो मार्टिनेझ, डॉमिनिकन प्रजासत्ताकात जन्मलेले होते.

संघबांधणी

२००३ च्या ऑक्टोबरमध्ये यांकीजविरुद्ध सातव्या सामन्यात रेड सॉक्स ५–२ ने पुढे होते. दमलेल्या मार्टिनेझला व्यवस्थापकांनी, म्हणजे मुख्य प्रशिक्षकांनी, आठव्या डावातही बदलले नाही आणि आघाडी गेली. अकराव्या डावात यांकीजच्या ॲरन बूनने रेड सॉक्सचा पिचर टिम वेकफिल्डला होम रन (चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवून धाव मिळवणारा फटका) मारून मालिका संपवली. त्या पराभवानंतर संघाची सूत्रे टेरी फ्रँकोना यांच्याकडे आली. संघ जमवण्याचे काम थिओ एप्स्टीन यांच्याकडे होते. २००२ मध्ये महाव्यवस्थापक झाले तेव्हा ते अवघे २८ वर्षांचे होते. आकडेवारीचा बारकाईने अभ्यास करून, इतरांच्या नजरेतून सुटलेले खेळाडू हेरण्यावर त्यांचा भर होता.

या संघात टाकून दिलेली माणसे बरीच होती. ऑर्टिझला मिनेसोटाने २००२ च्या डिसेंबरमध्ये सोडून दिले होते. रामिरेझला तर २००३ च्या हंगामानंतर रेड सॉक्सनेच ‘हवा असेल त्याने घेऊन जावा’ म्हणून यादीत टाकले होते. त्याचा पगार पाहून कोणी हात लावला नाही. त्याच रामिरेझने २००४ मध्ये ४३ होम रन मारले, ऑर्टिझने ४१. ॲरिझोनाहून आलेल्या कर्ट शिलिंगने पिचर म्हणून २१ सामने जिंकून दिले. सामना संपवायला येणारा खास पिचर म्हणून किथ फोकला घेतले गेले.

हंगामाच्या मध्यावर संघ रेंगाळला होता. २४ जुलैला फेनवेवर यांकीजविरुद्ध रेड सॉक्सचा कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा) जेसन व्हॅरिटेक आणि यांकीजचा ॲलेक्स रॉड्रिगेझ यांच्यात हातघाई झाली. तो सामना बिल म्युलरने शेवटच्या डावातल्या होम रनने ११–१० असा जिंकून दिला. तो फटका बसला यांकीजचा पिचर मारियानो रिव्हेराला. ३१ जुलैला एप्स्टीन यांनी शहराचा लाडका शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक, नोमार गार्सियापारा याला शिकागोकडे देऊन टाकले आणि बदल्यात चांगले क्षेत्ररक्षण करणारे ऑर्लांडो कॅब्रेरा आणि डग मेंकेविच आणले. लोक खवळले. त्याच दिवशी लॉस एंजेलिसहून डेव्ह रॉबर्ट्स नावाचा एक चपळ धावपटू आला. त्याच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

गटविजेते नसूनही उत्तम दुसऱ्या क्रमांकाच्या, म्हणजे ‘वाइल्ड कार्ड’च्या जागेवरून रेड सॉक्स बाद फेरीत गेले. पहिल्या मालिकेत त्यांनी ॲनाहाइम एंजल्सला ३–० असे हरवले.

चार रात्री

यांकीजविरुद्धच्या मालिकेची सुरुवात दारुण झाली. शिलिंगचा उजवा घोटा दुखावलेला होता आणि पहिला सामना १०–७ असा गेला. दुसरा ३–१ ने गेला. तिसरा १६ ऑक्टोबरला फेनवेवर झाला आणि त्यात यांकीजने १९–८ असा धुव्वा उडवला. त्या रात्री एक गोष्ट घडली, ती धावफलकावर दिसत नाही. चौथ्या सामन्याची सुरुवात वेकफिल्डने करायची होती. इतर पिचर थकून जाऊ नयेत म्हणून तो स्वतःहून तिसऱ्या सामन्यात उतरला, मार खाल्ला आणि आपला नंबर सोडला. वर्षभरापूर्वी ज्याच्या चेंडूवर सगळे संपले होते, त्याच माणसाने हे केले.

१७ ऑक्टोबर. नववा, म्हणजे शेवटचा डाव. यांकीज ४–३ ने पुढे आणि पिचिंगला रिव्हेरा. शेवटच्या डावात आघाडी राखण्यात त्याच्या तोडीचा पिचर झालेला नाही. केव्हिन मिलारला त्याने चार वाईड चेंडूंवर पहिला बेस दिला. फ्रँकोनांनी मिलारच्या जागी धावायला रॉबर्ट्सला पाठवले. आता काय होणार हे मैदानातल्या प्रत्येकाला ठाऊक होते: रॉबर्ट्स दुसरा बेस चोरणार. चोरणे म्हणजे फलंदाजाने फटका मारण्याची वाट न पाहता, पिचरच्या हातून चेंडू सुटता सुटता पुढच्या बेसकडे धावत सुटणे. दोन बेसमधील अंतर ९० फूट. कॅचरने चेंडू झेलून दुसऱ्या बेसवर फेकायचा, तिथल्या क्षेत्ररक्षकाने धावपटूला टेकवायचा. सगळा खेळ साडेतीन सेकंदांच्या आसपास संपतो. धावचीत होताना क्रिकेटपटूने क्रीजकडे झेप घ्यावी तसेच, फक्त इथे चेंडू यष्टीला नाही, अंगाला लागायचा असतो.

रिव्हेराने फलंदाजाकडे एकही चेंडू न टाकता तीनदा पहिल्या बेसकडे फेक केली. रॉबर्ट्स तिन्ही वेळा वेळेत परतला. थंडीत कित्येक तास बसून राहिलेल्या त्याच्या पायांना या तीन फेकांनीच ऊब आणली, असे त्याने पुढे सांगितले आहे. मग पहिलाच चेंडू फलंदाजाकडे सुटला आणि तो धावला. यांकीजचा कॅचर पोसाडाची फेक चांगली होती. दुसऱ्या बेसवर त्यांच्या जीटरने चेंडू टेकवला तेव्हा रॉबर्ट्सचा हात बेसवर पोहोचलेला होता, फरक बोटभर. म्युलरने मधोमध फटका मारला, रॉबर्ट्स घरी, म्हणजे फलंदाजाच्या बेसवर, आला आणि धाव झाली, ४–४. बरोबरीमुळे डाव वाढत गेले आणि बाराव्या डावात ऑर्टिझने दोन धावांचा होम रन मारला आणि सामना ६–४ असा जिंकला. घड्याळात रात्रीचा १:२२ वाजला होता. भारतात तेव्हा सोमवारची सकाळ सरत आली होती.

पाचवा सामना त्याच दिवशी संध्याकाळी सुरू झाला आणि १४ डाव, ५ तास ४९ मिनिटे चालला. आठव्या डावात रॉबर्ट्स पुन्हा मिलारच्या जागी धावला आणि बरोबरीची धाव त्याचीच होती. तेराव्या डावात वेकफिल्ड पिचिंगला होता. त्याचा चेंडू, नकलबॉल, फिरकी न घेता हवेत डुचमळत येतो. कुठे वळेल ते टाकणाऱ्यालाही सांगता येत नाही. व्हॅरिटेकला तो झेलायची सवय नव्हती. एकाच डावात तीन चेंडू त्याच्या हातून निसटले, धावपटू पुढे सरकत तिसऱ्या बेसपर्यंत आला. एक चूक आणखी झाली असती तर हंगाम तिथेच संपत होता. ती झाली नाही. चौदाव्या डावात ऑर्टिझच्या फटक्यावर जॉनी डेमन धावत आला, ५–४. ऑर्टिझने दोन सामने संपवले ते १८ ऑक्टोबर या एकाच तारखेला.

सहावा सामना न्यूयॉर्कला होता. शिलिंगच्या घोट्यातील स्नायुबंध जागेवरून घसरत होता. डॉक्टरांनी घोट्याची त्वचा आतील ऊतींना टाके घालून जखडली, म्हणजे टाक्यांनी तयार झालेल्या भिंतीमुळे तो हलणार नाही. हा प्रकार पूर्वी कोणी केलेला नव्हता. डॉक्टरांनी आधी मृतदेहाच्या पायावर त्याचा सराव केला. शिलिंगने सात डाव टाकले, एकच धाव दिली आणि मोज्यावर रक्ताचा डाग पसरत गेला. मार्क बेलहॉर्नचा होम रन पंचांनी आधी नाकारला, मग आपसांत चर्चा करून मान्य केला. रॉड्रिगेझने धावताना पिचरच्या हातावर फटका मारून चेंडू पाडला, तोही निर्णय पंचांनी बदलून त्याला बाद ठरवले. रेड सॉक्स ४–२. सातव्यात डेमनने चार धावांचा होम रन मारला, डेरेक लो याने दोन दिवसांच्याच विश्रांतीवर सहा डाव टाकून एकच हिट (फलंदाजाला बेस मिळवून देणारा फटका) दिली आणि १०–३ असा निकाल लागला.

अंतिम मालिका

कार्डिनल्सविरुद्धची मालिका एकतर्फी झाली. ११–९, ६–२, ४–१, ३–० असे चारही सामने रेड सॉक्सने जिंकले आणि चारही सामन्यांत ते एकदाही पिछाडीवर गेले नाहीत. रामिरेझ मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. शेवटचा सामना २७ ऑक्टोबरला सेंट लुईसमध्ये खग्रास चंद्रग्रहणाखाली झाला. आश्विनातली पौर्णिमा होती ती, आपल्या कोजागरीची. ग्रहण लागले तेव्हा महाराष्ट्रात दिवस उजाडला होता, त्यामुळे इथे ते दिसले नाही. तिकडे तांबूस चंद्राखाली फोकने आपल्याकडे उसळत आलेला चेंडू पकडून मेंकेविचकडे अलगद दिला आणि प्रतीक्षा संपली.

नंतर

यांकीजवरील विजयाच्या रात्री फेनवेबाहेरील गर्दी पांगवताना पोलिसांनी झाडलेली मिरपुडीची गोळी लागून एका २१ वर्षांच्या विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. ती कोणताही दंगा करत नव्हती. या हंगामाची हकीकत तिच्याशिवाय सांगणे बरोबर नाही.

३० ऑक्टोबरला बॉस्टनमध्ये विजययात्रा निघाली. खेळाडू जमिनीवर आणि पाण्यात चालणाऱ्या गाड्यांवर होते आणि यात्रा चार्ल्स नदीतूनही गेली. मार्टिनेझ आणि लो त्याच हिवाळ्यात दुसऱ्या संघांकडे गेले. रॉबर्ट्सही गेला, अंतिम मालिकेत तर तो एकदाही खेळला नव्हता. पुढे लॉस एंजेलिस डॉजर्सचा व्यवस्थापक म्हणून त्याने स्वतः अजिंक्यपदे मिळवली. मार्टिनेझ २०१५ साली आणि ऑर्टिझ २०२२ साली हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधील थोरांच्या मानाच्या यादीत, दाखल झाले. रेड सॉक्सने २००७, २०१३ आणि २०१८ मध्ये पुन्हा अजिंक्यपद मिळवले. बिल बकनरला २००८ मध्ये फेनवेवर पहिला चेंडू टाकायला बोलावले गेले. सारे मैदान उभे राहिले आणि टाळ्या थांबेचनात. बकनर डोळे पुसत होता.

विजयानंतरच्या दिवसांत न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे बॉस्टनभोवतालच्या राज्यांतल्या, कबरस्तानांत लोक येऊ लागले. १९१८ नंतर जन्मून २००४ च्या आधी गेलेले वडील, आजोबा, आज्या तिथे होत्या. त्यांच्या कबरींवर संघाच्या टोप्या, छोटे झेंडे आणि निकालाची बातमी छापलेली वर्तमानपत्रे ठेवलेली दिसत.