शिमग्यातली फाईल

जूनचा दुसरा आठवडा होता. सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या रुग्णालयात एका आजींना त्यांच्या मुलाने दुचाकीवरून आणलं. काजूच्या बागेत गवत काढताना त्यांना फुरसं चावलं होतं. डॉक्टरांनी थोडं रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेतलं आणि नळी हलू न देता बाजूला ठेवली. फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. वीस मिनिटांनी नळी तिरकी करायची. रक्त तेव्हाही पातळच असलं, तर विष अंगात भिनलंय असं समजून सापाची लस सुरू करायची. तेवढ्या वेळात डॉक्टरांना आणखी एक गोष्ट हवी होती. आजींना पूर्वीही एकदा फुरसं चावलं होतं, तेव्हा लसीची रिॲक्शन आली होती का? ही लस घोड्याच्या रक्तापासून बनवतात आणि काहींच्या अंगाला ती सोसत नाही. गरज असली तर ती द्यावीच लागते, पण मागचा त्रास माहीत असला की डॉक्टर जास्त तयारीत राहतात. उत्तर जुन्या केस पेपरवर होतं.

खिडकीवरच्या मुलीने ॲप उघडलं. पहिल्याच पडद्यावर एक रकाना: नोंदणी क्रमांक. "माका नंबर काय म्हायत नाय गो," आजी म्हणाल्या. मुलीने नाव टाकून पाहिलं, तर त्याच नावाच्या बायकांची यादी खाली खाली सरकतच राहिली. तेवढ्यात रेकॉर्ड रूमचे मामा बाहेर आले. "आजये, गाव खंयचा? वाडी खंयची? आणि तेव्हा सण कसलो होतो?"

"शिमगो."

मामा आत गेले. नळी तिरकी करायची वेळ होण्याआधी पिवळा पडलेला केस पेपर डॉक्टरांच्या टेबलावर होता.

त्या ॲपची नव्याने मांडणी करायच्या कामावर मी होते आणि त्या दिवशी नुसतं बघायला म्हणून खिडकीमागे बसले होते. आमच्याकडे तक्रार आली होती ती अशी: कर्मचाऱ्यांना ॲप वापरता येत नाही, त्यांना प्रशिक्षण द्या. संध्याकाळी मी माझ्या वहीतला 'प्रशिक्षण' हा शब्द खोडला. ती मुलगी ॲप अगदी बरोबर वापरत होती. ॲपच तिला असं काहीतरी विचारत होतं, जे समोरच्या माणसाला ठाऊक असणं शक्य नव्हतं.

मामांच्या तीन प्रश्नांकडे जरा बारकाईने पाहायला हवं. आठवणे आणि ओळखणे या मेंदूच्या दोन वेगळ्या कसरती आहेत. मनाच्या तळातून एखादा आकडा विनाआधार वर काढणं फार अवघड, समोर खूण दिसली की "हां, हेच!" म्हणणं त्या मानाने खूप सोपं. आणि काळ आठवायचा तर आपण तारखा आठवत नाही, खुणा आठवतो. १९८३ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि वेस्ली मारबर्गर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी यावर एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. "गेल्या सहा महिन्यांत तुमच्या बाबतीत अमुक घडलं का?" असं विचारलं, की लोक त्याआधीच्या घटनाही त्या सहा महिन्यांत ओढून आणतात. गोष्ट आठवते, पण ती आहे त्यापेक्षा अलीकडची वाटते. त्याऐवजी "माउंट सेंट हेलेन्सचा ज्वालामुखी फुटल्यापासून घडलं का?" असं विचारलं, तेव्हा ही ओढाताण कमी झाली. ठळक प्रसंगाच्या अलीकडे की पलीकडे, हे माणूस बऱ्यापैकी नेमकं सांगतो.

आपल्याकडे ज्वालामुखी नाही, पण शिमगा आहे, गणपती आहेत, आंब्याचा हंगाम आहे, तौक्ते वादळ आहे. म्हणून नव्या पडद्यावर तारखेच्या रकान्याशेजारी आम्ही सणांची आणि प्रसंगांची एक पट्टी ठेवली. इथे संगणकाला थोडं पंचांग शिकवावं लागलं. गणेश चतुर्थी २०२३ साली १९ सप्टेंबरला होती, २०२४ साली ७ सप्टेंबरला आणि २०२५ साली २७ ऑगस्टला. 'गणपतीत' म्हणजे कुठले दिवस, याचा तक्ता दर वर्षासाठी वेगळा भरावा लागतो. शिवाय लोक गोष्टी अलीकडे ओढतात हे माहीत असल्यामुळे, कोणी "गेल्या शिमग्यात" म्हटलं तरी ॲप त्याच्या आधीचा शिमगाही चाचपून पाहतं.

तारखेपेक्षा जास्त डोकं खाल्लं नावांनी. जुन्या ॲपमध्ये नावं इंग्रजी लिपीत भरलेली होती. सावंत हे आडनाव कोणी 'व्ही' घालून लिहितं, कोणी 'डब्ल्यू' घालून. फडक्यांचा 'फ' कोणी 'एफ'ने लिहितं, कोणी 'पी' आणि 'एच' जोडून. संगणकाच्या लेखी ही वेगवेगळी माणसं. उच्चार सारखा आणि लेखन वेगळं, हा घोळ जुना आहे आणि त्यावर साउंडेक्स नावाची एक युक्तीही जुनीच आहे. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांना तिचं पेटंट १९१८ साली मिळालं. नावाचं पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, स्वर गाळायचे आणि सारख्या वाटणाऱ्या व्यंजनांना एकच अंक द्यायचा. तिथल्या जनगणनेची नावं लावायला ही पद्धत वापरली गेली.

आम्ही हौसेने तीच लावून पाहिली आणि तोंडघशी पडलो. साउंडेक्स 'व्ही'ला 'बी', 'एफ', 'पी'च्या गटात बसवते आणि 'डब्ल्यू' साफ गाळते. त्यामुळे एकाच घरातल्या दोन सावंतांना दोन वेगळे अंक मिळाले. फडक्यांचं तर पहिलंच अक्षर वेगळं, तेव्हा तिथे गाठ पडायचा प्रश्नच नव्हता. ही युक्ती इंग्रजी कानाने ऐकते, मराठी कानाने ऐकत नाही. शेवटी आम्ही नाव आधी देवनागरीत उतरवून घेतलं आणि मग नियम लावले: श आणि ष एक, ऱ्हस्व-दीर्घाचा फरक माफ, न आणि ण शेजारी, ऋतुजा आणि रुतुजा एकच. देवनागरीत सावंत एकाच तऱ्हेने लिहिला जातो, त्यामुळे अर्धा गुंता तिथेच सुटला. माझं ठाम मत झालं आहे की महाराष्ट्रातल्या रुग्णालयात नाव आधी मराठीत नोंदवलं जावं आणि इंग्रजी रूप त्यावरून तयार व्हावं.

तरीही एक गाठ कुठल्याही अक्षरनियमाने सुटत नव्हती. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येते. सोबत भाऊ किंवा वडील असतात, ते सवयीने माहेरचं नाव सांगतात आणि फाईल त्या नावाने उघडते. दुसऱ्या खेपेला ती सासरच्या नावाने येते. कागदोपत्री या दोन वेगळ्या बायका. आता ही बाई आरएच निगेटिव्ह असेल, म्हणजे तिच्या रक्तपेशींवर आरएच नावाचा घटक नसेल, आणि पहिलं बाळ आरएच पॉझिटिव्ह, म्हणजे तो घटक असलेलं, तर बाळाच्या रक्तपेशींविरुद्ध तिच्या शरीरात प्रतिपिंडं तयार होऊ शकतात आणि ती पुढच्या बाळाच्या रक्तावर हल्ला करू शकतात. ते टाळण्यासाठी बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन देतात. ते दिलं होतं की नाही, हे दुसऱ्या वेळी कळायलाच हवं, आणि ती नोंद माहेरच्या नावाखाली पडून असते. वॉर्डातल्या सिस्टरनी हे सांगितलं तेव्हा मला खरंच गलबलून आलं. नव्या मांडणीत माहेरचं नाव आणि गाव हे दोन रकाने पहिल्याच पडद्यावर आले. त्यासाठी बाकीचं बरंच काही मागे ढकललं.

दोन फायली एकाच व्यक्तीच्या वाटल्या तर ॲपने त्या आपोआप जोडाव्यात का? पहिल्या उत्साहात मी हो म्हणाले होते. आज नाही म्हणेन. एका माणसाच्या दोन फायली राहिल्या तर माहिती अपुरी पडते. दोन माणसांची एक फाईल झाली तर एकाचा रक्तगट दुसऱ्याला चिकटतो, आणि ती चूक डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून ॲप फक्त सुचवतं. दोन्ही नोंदी शेजारी शेजारी दाखवतं आणि फरक असलेला मजकूर ठळक करतं. जोडायचं की नाही ते माणूस ठरवतो, आणि जोडलेलं पुन्हा सोडवता येतं.

क्रमांक आम्ही काढून टाकला नाही. ज्याच्याकडे जुना कागद आहे त्याच्यासाठी तोच सगळ्यात जलद. फक्त शेवटी एक तपासणी अंक जोडला. १९६९ साली डच गणितज्ञ फरहूफ यांनी शोधलेल्या पद्धतीने तो काढतात. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर ॲप लगेच सांगतं. आधार क्रमांकाचा शेवटचा अंकही असाच काढलेला असतो.

बटणांचं काम त्या मानाने सरळ होतं. लक्ष्य जितकं लहान आणि दूर, तितका त्यावर बोट न्यायला वेळ जास्त, हे पॉल फिट्स यांनी १९५४ सालीच मोजून मांडलं होतं. कोकणात त्यात पावसाची भर. टॅबलेटचा पडदा बोटामुळे विद्युतभारात होणारा बदल ओळखतो, आणि पाण्याचा थेंबही तसाच बदल घडवतो. जूनमध्ये ओल्या हाताने 'उघडा' दाबावं तर शेजारचं 'काढून टाका' दाबलं जायचं. बटणं मोठी केली, ती दोन एकमेकांपासून लांब नेली, आणि काढून टाकलेली नोंद परत आणायची सोय केली.

चाचणीला आम्ही पाचच माणसं बसवली: दोन सिस्टर, खिडकीवरची मुलगी, एक कक्षसेवक आणि मामा. जेकब नील्सन आणि थॉमस लँडॉअर यांच्या १९९३ सालच्या गणितानुसार पाच माणसांत साधारण ८५ टक्के अडचणी उघड होतात. काम करताना मनात येईल ते मोठ्याने बोलायचं, एवढीच अट. मामांनी चष्मा पुसला, गाव टाकलं, वाडी टाकली, शिमगा निवडला आणि थांबले. "हय नवऱ्याचा नाव दिसाक व्हया," ते म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. निकालाच्या यादीत फक्त वय आणि क्रमांक दिसत होता, आणि वाडीतल्या दोन सारख्या नावांच्या बायका त्यावरून ओळखू येत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी ती ओळ बदलली.

राहिली वीज. २०२१ सालच्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा इथल्या किती गावांत अंधार होता ते सगळ्यांना आठवतं. त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूणात पाणी शिरलं. वादळ ॲपला बंद पाडतं आणि पूर कागदाला बुडवतो. म्हणून नोंदी आधी टॅबलेटमध्येच साठतात आणि नेट आलं की वर जातात. रोज संध्याकाळी दाखल रुग्णांचा एक कागद छापून निघतो: नाव, वाडी, रक्तगट, कशाची रिॲक्शन येते. मामा तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेकॉर्ड रूमच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवतात.